अर्जाचे कुंपण

अकरा वर्षांच्या मुलामुलींतून थोड्यांना वेचून काढावयाचे आणि त्यांना सरकारी खर्चाने अधिक चांगल्या शाळेत पाठवावयाचे, ही व्यवस्था आज अनेक देशांत रूढ आहे. अमेरिकेत तिचा एक प्रकार 'मॅग्नेट' म्हणजे लोहचुंबक शाळा या नावाने ओळखला जातो. आपल्याकडे नवोदय विद्यालये आहेत. नवोदयात आणि मॅग्नेटच्या अनेक मधल्या शाळांत मूल पाचवीत असताना निवड होते व सहावीपासून प्रवेश मिळतो. अशा निवडीच्या न्याय्यतेविषयी वाद निघाला की तो बहुधा परीक्षेपाशी सुरू होतो. प्रश्नपत्रिका कशी काढली, जागा कोणाला किती राखल्या, गुणवत्ता म्हणजे काय, यांवर वृत्तपत्रांचे रकाने भरतात. परंतु ज्या मुलाचा अर्जच गेला नाही, त्याचा उल्लेख या वादात कोठेही येत नाही. ते मूल उत्तीर्णांच्या यादीत नसते आणि अनुत्तीर्णांच्या यादीतही नसते. व्यवस्थेच्या लेखी ते जन्मलेलेच नसते. आमच्या मते विषमतेचे पहिले आणि सर्वांत भक्कम कुंपण परीक्षेच्या दालनाबाहेर, अर्जाच्या खिडकीपाशीच घातलेले असते. अमेरिकेचा गेल्या अर्धशतकाचा अनुभव या दृष्टीने आपल्या कार्यकर्त्यांनी मुळातून समजून घेण्यासारखा आहे.

अमेरिकेतील सरकारी शाळा ही मुख्यतः स्थानिक संस्था आहे. मूल ज्या वस्तीत राहते त्या वस्तीची शाळा त्याच्या वाट्याला येते आणि शाळेच्या खर्चाचा मोठा भाग स्थानिक मालमत्ता करातून निघतो. साहजिकच जेथे घरे महाग तेथे शाळा संपन्न, आणि जेथे वस्ती गरिबांची तेथे शाळाही गरीब. आपल्याकडे शेजारशाळा ही समतेची मागणी आहे. कोठारी आयोगाने (१९६४-६६) ती आग्रहाने मांडली आणि त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक यांनी तिचा पुढे पाठपुरावा केला. अमेरिकेत मात्र वस्त्याच वर्णावर विभागलेल्या असल्यामुळे शेजारशाळा हेच वर्णभेदाचे साधन झाले. शेजार विभागलेला असेल तर शेजारशाळाही विभागलेलीच राहते, हा त्यातला धडा शेजारशाळेच्या पुरस्कर्त्यांनी विसरता कामा नये.

१९५४ साली 'ब्राउन' खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने काळ्या व गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरविल्या. निकाल लागला, पण शाळा एकत्र आल्या नाहीत. पुढे न्यायालयांनी मुलांना बसगाड्यांतून एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीतील शाळेत नेण्याचे आदेश दिले, तेव्हा गोऱ्या वस्त्या पेटून उठल्या. १९७४ साली बॉस्टन शहरात काळ्या मुलांच्या शाळाबसांवर दगड फेकले गेले. त्याच वर्षी डेट्रॉइटच्या 'मिलिकन' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शहराभोवतालच्या उपनगरांना या एकत्रीकरणातून जवळजवळ मोकळे केले. ज्यांना ऐपत होती त्या गोऱ्या कुटुंबांनी उपनगरांची वाट धरली आणि शहरांच्या शाळांत गरीब व काळी मुले मागे उरली.

या कोंडीतून मॅग्नेट शाळेची कल्पना पुढे आली. सक्ती चालत नाही ना, मग आकर्षण वापरू या, असा तो विचार होता. १९६८ साली टॅकोमा या शहरात, जेथे बहुतेक विद्यार्थी काळे होते अशा एका प्राथमिक शाळेत विशेष अभ्यासक्रम सुरू करण्यात आला, तो गोऱ्या पालकांनी आपण होऊन मुले तेथे पाठवावीत म्हणून. १९७६ पासून संघराज्य सरकारने अशा शाळांना पैसा देण्याची तरतूद केली आणि १९८४ साली त्यासाठी स्वतंत्र अनुदान योजना आली. कोठे विज्ञान, कोठे संगीत, कोठे परभाषा, असे एकेक आकर्षण ठेवून वर्णाच्या भिंतीपलीकडची मुले एका वर्गात आणावयाची, हा मूळ हेतू होता. आजही यांतील बहुसंख्य शाळा परीक्षा घेत नाहीत. जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर सोडत काढतात. पण काही शाळांनी, विशेषतः गणित-विज्ञानाच्या आणि 'प्रतिभावंत' मुलांसाठीच्या कार्यक्रमांनी, निवड परीक्षा लावली, आणि तेथे लोहचुंबकाचा गुणधर्मच बदलला. दूरदूरची माणसे एकत्र आणण्यासाठी उभे केलेले साधन जे आधीच जवळ होते त्यांनाच ओढू लागले.

असे का झाले? उत्तर अर्जात आहे. निवडीच्या शाळेत मुलाला घालावयाचे तर अशी शाळा आहे हे प्रथम ठाऊक असावे लागते. माहितीच्या सभेला संध्याकाळी जावे लागते, म्हणजे संध्याकाळची पाळी नसावी लागते. अंतिम तारीख लक्षात ठेवावी लागते, इंग्रजीतला मजकूर समजावा लागतो, शिक्षकांकडून शिफारस मिळवावी लागते, परीक्षेच्या दिवशी मुलाला केंद्रावर न्यावे लागते. या यादीत मुलाच्या बुद्धीचा संबंध कोठेच येत नाही. यातली प्रत्येक पायरी पालकाच्या शिक्षणाची, फुरसतीची आणि ओळखीपाळखीची परीक्षा आहे. त्या परीक्षेत नापास होतात ते आईबाप, आणि शिक्षा भोगते मूल.

हा केवळ तर्क नव्हे. फ्लॉरिडा राज्यातील ब्रॉवर्ड जिल्ह्यात प्रतिभावंतांच्या वर्गासाठी पूर्वी शिक्षक किंवा पालक ज्यांचे नाव सुचवतील अशाच मुलांची बुद्धिमापन चाचणी होत असे. २००५ साली जिल्ह्याने पद्धत बदलली आणि दुसरीतील सर्व मुलांची प्राथमिक चाचणी शाळेतच घेतली. पात्रतेची पातळी तीच ठेवली. अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो यांनी या बदलाचा अभ्यास केला तेव्हा असे दिसले की, पात्र ठरणाऱ्या गरीब मुलांचे प्रमाण दुपटीहून अधिक वाढले. काळ्या आणि लॅटिनो मुलांतही मोठी वाढ झाली. ही मुले त्याच जिल्ह्यात, त्याच शाळांत, त्याच बाकांवर आधीही बसत होती. त्यांची बुद्धी एका वर्षात वाढली नव्हती. फक्त कोणीतरी प्रथमच त्यांच्याकडे वळून पाहिले होते. पुढे आर्थिक मंदीच्या काळात खर्च कपातीसाठी ही सार्वत्रिक चाचणी गुंडाळण्यात आली आणि प्रमाण पुन्हा पूर्वपदावर आले. या एका उदाहरणाने 'गरिबांच्या घरी गुणवत्ताच कमी' या जुनाट सिद्धान्ताचा पाया उखडला जातो.

मेरीलँड राज्यातील माँटगोमेरी जिल्ह्याचा अनुभवही याच जातीचा आहे. राजधानी वॉशिंग्टनला लागून असलेल्या या संपन्न जिल्ह्यात गणित-विज्ञान आणि मानव्यविद्या यांच्या मॅग्नेट मधल्या शाळा आहेत. तेथे पालकांनी अर्ज करावयाचा आणि मुलाने परीक्षा द्यावयाची, अशी रीत होती. २०१६ साली जिल्ह्याने बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासणी करविली, तेव्हा या कार्यक्रमांत काळी, लॅटिनो आणि गरीब मुले त्यांच्या संख्येच्या मानाने फारच थोडी आहेत, हे उघड झाले. त्यानंतर जिल्ह्याने पालकाच्या अर्जाची अट काढून टाकण्यास आरंभ केला आणि पाचवीतील सर्वच मुलांच्या प्रगतीचा विचार करण्याचे धोरण घेतले. विचारात घेतल्या जाणाऱ्या मुलांची संख्या कित्येक पटींनी वाढली. पुढे मुलाच्या गुणांची तुलना त्याच्यासारख्याच आर्थिक परिस्थितीतील शाळांच्या मुलांशी करण्यात आली, आणि महासाथीच्या काळात पात्र मुलांतून सोडत काढण्यात आली.

यावर वादळ उठले. या जिल्ह्यात आशियाई वंशाची कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. त्यांत भारतीय आहेत आणि मराठीही आहेत. नव्या पद्धतीत आशियाई मुलांचे प्रमाण घटले, म्हणून पालकांच्या एका संघटनेने २०२० साली न्यायालयात धाव घेतली. २०२२ साली संघराज्य न्यायालयाने तो दावा फेटाळला. शेजारच्या व्हर्जिनियातील एका नामांकित विज्ञान विद्यालयाच्या प्रवेशाचा असाच वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२४ साली त्या न्यायालयाने त्यात हात घालण्याचे नाकारले.

या पालकांची बाजू केवळ स्वार्थाची म्हणून झटकून टाकणे आम्हाला मान्य नाही. न्यू यॉर्कसारख्या शहरात उपाहारगृहात भांडी घासणारा वा टॅक्सी चालविणारा स्थलांतरित बाप आपली पुंजी मुलाच्या शिकवणीवर खर्च करतो, कारण त्याच्याजवळ ओळख नसते, इंग्रजी नसते, वारसा नसतो. परीक्षेचे गुण हेच त्याचे एकमेव चलन असते. मुलाखत, शिफारस, 'सर्वांगीण व्यक्तिमत्त्व' असली मोघम मोजमापे आली की वशिल्याला आणि वर्गीय रीतीभातींना वाव मिळतो, हे त्याचे म्हणणे खरे आहे. लेखी परीक्षा हा अनेकदा गरिबाचा मित्र असतो. आपल्या देशातील पहिल्या पिढीच्या शिकलेल्या दलित-बहुजन तरुणाला हे निराळे सांगावयास नको. तेव्हा आमचे भांडण परीक्षेशी नाही. परीक्षेच्या मांडवात कोणाला बोलावणे जाते आणि कोणाला जात नाही, तसेच मांडवात पाटच इतके थोडे का मांडले आहेत, हे आमचे दोन प्रश्न आहेत.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा एक प्रयत्न न्यू यॉर्कच्या ब्रुकलिन भागात झाला. तेथील पंधराव्या शाळा-विभागातील मधल्या शाळा गुण, हजेरी, चाचणी, मुलाखत अशा चाळण्या लावून मुले घेत. परिणामी एकाच विभागात काही शाळा सुखवस्तू गोऱ्यांच्या, तर काही गरिबांच्या झाल्या होत्या. पालक, शिक्षक आणि स्थानिक संघटना यांच्या दीर्घ विचारविनिमयानंतर २०१८ साली योजना मंजूर झाली आणि २०१९ पासून विभागातील अकराही शाळांनी चाळण्या टाकून दिल्या. पालकांनी पसंतीक्रम द्यावयाचा आणि सोडतीने जागा मिळावयाची. त्यातही ५२ टक्के जागांवर गरीब, बेघर आणि इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या मुलांचा अग्रहक्क. सुखवस्तू कुटुंबे पळून जातील, अशी भाकिते वर्तविली गेली होती. पण तसा लोंढा लोटला नाही आणि शाळाशाळांतील दरी लवकरच कमी झालेली दिसली. महासाथीत, डिसेंबर २०२० मध्ये, साऱ्या शहरातील मधल्या शाळांच्या चाळण्या स्थगित झाल्या. पुढे २०२२ साली विभागांना त्या पुन्हा लावण्याची मुभा मिळाली, तरी पूर्वी जवळजवळ २०० शाळा चाळणी लावीत, तेथे ६०च्या आसपास शाळाच तिच्याकडे परतल्या. एकदा उघडलेले दार पूर्ण बंद करणे सोपे नसते, हे यातून दिसते.

आता आपल्या घराकडे वळू. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने 'गतिनिर्धारक' शाळा म्हणून नवोदय विद्यालयांचा पुरस्कार केला. त्याआधीच, १९८५-८६ मध्ये, प्रयोग म्हणून जी पहिली दोन विद्यालये निघाली त्यांतील एक हरियाणात झज्जर येथे होते, तर दुसरे आपल्या अमरावतीत. आज देशात साडेसहाशेहून अधिक नवोदय विद्यालये आहेत आणि प्रत्येकात सहावीच्या फार तर ८० जागा. म्हणजे एवढ्या मोठ्या देशात पन्नास हजारांच्या आसपास मुले. जागांपैकी किमान ७५ टक्के ग्रामीण मुलांसाठी, किमान एक-तृतीयांश मुलींसाठी. अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागा. निवास, भोजन, गणवेश, पुस्तके विनामूल्य. खेड्यातील कित्येक शेतमजुरांची मुले या शाळांनी डॉक्टर, अभियंते, अधिकारी केली, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. या शाळा बंद कराव्यात असे आम्ही म्हणत नाही. पण एका जिल्ह्यातील शेकडो प्राथमिक शाळांतून ८० मुले निवडली जातात, तेव्हा ती कोण असतात, हे विचारणे आपले काम आहे.

अर्ज विनामूल्य आहे, हे खरे. पण तो संगणकावर भरावयाचा असतो. मुख्याध्यापकांच्या सहीचे विहित नमुन्यातील प्रमाणपत्र, छायाचित्र, मुलाची सही, पालकाची सही, हे सारे त्यावर चढवावे लागते. ज्या शाळेत उत्साही गुरुजी आहेत तेथे वर्गच्या वर्ग अर्ज भरतो. जेथे एकाच शिक्षकावर चार इयत्ता आणि शासनाच्या माहितीचे तक्ते येऊन पडले आहेत तेथे तारीख केव्हा उलटली याचा पत्ताही लागत नाही. परीक्षा दोन तासांची, ८० प्रश्नांची. त्यांतील निम्मे प्रश्न मानसिक क्षमतेचे, म्हणजे आकृत्यांचे. असले प्रश्न जिल्हा परिषदेच्या नेहमीच्या पाठ्यपुस्तकात नसतात. ते सरावाने जमतात, आणि सराव विकत मिळतो. तालुक्याच्या गावी 'नवोदय'चे वर्ग चालतात आणि त्यांच्या शुल्काचे फलक चौकाचौकात झळकतात. शिवाय ही परीक्षा मुलाला आयुष्यात एकदाच देता येते.

आणि ऊसतोडणी कामगाराच्या मुलाचे काय? पाचवीत ज्या जिल्ह्यात शिकत आहे त्याच जिल्ह्यातील विद्यालयासाठी मुलाला परीक्षा देता येते. अलीकडच्या वर्षांत महाराष्ट्रात ही परीक्षा डिसेंबर-जानेवारीत झाली आहे. बीडचा मजूर त्या वेळी कोठे असतो? दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन तो बायकामुलांसह पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात गेलेला असतो. फडाच्या कडेला कोपीत राहणारे, धाकट्या भावंडाला सांभाळणारे पाचवीचे मूल परीक्षेसाठी आपल्या जिल्ह्यात कोणी आणावयाचे? ज्या गावी हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू झाले आणि नीट चालले तेथे काही मुले मागे राहतात. इतरांच्या बाबतीत नियमाने कोणालाही वगळलेले नसताना सर्व जण वगळले जातात. नियमावलीत एकही अन्यायाचे वाक्य नसते आणि तरीही अन्याय अचूक घडतो, तो असा.

१८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा फुल्यांनी असाच रोकडा सवाल केला होता. सरकारी तिजोरीत पैसा येतो तो रयतेच्या घामातून, मग तो वरच्या वर्गांच्या शिक्षणावर का खर्च व्हावा, आणि वरच्या थोड्यांना शिकविले की विद्या आपोआप खाली झिरपेल हे कशावरून? गतिनिर्धारक शाळेमागचे तत्त्वज्ञान त्या झिरप्याच्या सिद्धान्ताचेच नवे रूप आहे. एक शाळा उजळली की भोवतालच्या शाळा तिच्या प्रकाशात चालू लागतील, असे १९८६ साली सांगितले गेले. चाळीस वर्षे झाली. आज एकीकडे 'पीएमश्री'सारख्या योजनेतून निवडक शाळा आदर्श म्हणून सजविल्या जात आहेत, तर दुसरीकडे कमी पटाच्या वाडीवस्तीवरील शाळा 'समूह शाळे'त विलीन करण्याचे प्रस्ताव २०२३ पासून पुढे आले आहेत. प्रकाश झिरपला नाही. उलट आहेत त्या पणत्यांतील तेल काढून एका समईत ओतण्याचा हा उद्योग आहे.

तेव्हा आपल्या मागण्या नेमक्या असल्या पाहिजेत. पहिली मागणी अशी की, सरकारी शाळेत पाचवीत शिकणारे प्रत्येक मूल आपोआप अर्जदार मानले जावे. मुलाचे नाव, जन्मतारीख, गाव, इयत्ता, प्रवर्ग, सारे शाळेच्या पटावर आणि शासनाच्या संगणकात आधीच नोंदलेले आहे. जी माहिती सरकारजवळ आहे तीच गरीब बापाकडून पुन्हा मागावयाची आणि ती दिली नाही म्हणून त्याच्या मुलाला वगळावयाचे, याला प्रशासन म्हणत नाहीत. ज्या पालकाला मूल दूर पाठवावयाचे नसेल त्याने तसे कळवावे. दुसरी मागणी, परीक्षा मुलाच्या स्वतःच्या शाळेत किंवा केंद्रशाळेत व्हावी, आणि स्थलांतरित मजुरांच्या मुलांना ते त्या वेळी जेथे असतील तेथे ती देता यावी. तिसरी, आकृत्यांच्या प्रश्नांचा सराव हा पाचवीच्या नित्य अध्यापनाचा भाग व्हावा, म्हणजे खाजगी वर्गांचा बाजार आपोआप उठेल. आणि चौथी, जी सर्वांत मोठी आहे : नवोदयच्या मुलासाठी शासन ज्या गोष्टी आवश्यक मानते, म्हणजे विषयवार शिक्षक, प्रयोगशाळा, ग्रंथालय, क्रीडांगण, त्या प्रत्येक जिल्हा परिषद शाळेचा हक्क ठराव्यात. पहिल्या तीन मागण्यांनी ८० जागांची वाटणी न्याय्य होईल. चौथीने त्या ८० जागांसाठीची जीवघेणी धडपडच संपेल. पहिल्या तीन मिळाल्या म्हणून चौथी सोडून देणे म्हणजे रांग सरळ झाली यावर समाधान मानून शिधा विसरण्यासारखे आहे.

धोरण बदलेपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे मात्र कारण नाही. नवोदयचे अर्ज अलीकडे पावसाळ्यात भरले जातात. त्या वेळी ऊसतोडणी कामगारांची कुटुंबे गावातच असतात. आपल्या प्रत्येक शाखेने त्या काळात आपल्या गटातील शाळांना भेट द्यावी, पाचवीचा पट मागून घ्यावा, किती मुलांचे अर्ज गेले आणि किती राहिले याचा हिशेब करावा, राहिलेले अर्ज मुख्याध्यापकांच्या मदतीने भरून द्यावेत. हंगामी वसतिगृहे परीक्षेपूर्वी सुरू झाली की नाही, याचा जाब पंचायत समितीला विचारावा. आणि न गेलेल्या अर्जांची गाववार यादी करून ती जिल्हाधिकाऱ्यांपुढे ठेवावी, कारण ही आकडेवारी कोणत्याही सरकारी अहवालात सापडत नाही. माँटगोमेरीत काय आणि ब्रॉवर्डमध्ये काय, सुधारणेला आरंभ झाला तो गैरहजर मुलांची मोजदाद केल्यावर. आपल्या जिल्ह्यात ती मोजदाद कोणी केलेली नाही. ती आपण करावी. पाचवीच्या पटावरचे एकही नाव मोजल्यावाचून राहता कामा नये.